वैऱ्यावर दया : ख्रिस्ताची शिकवण आणि आपला गाव

(रावेर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ख्रिस्ती धर्मात वैऱ्याशी दयेने व सद्भावाने वागण्याची जी शिकवण आहे, तिच्याविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्ही योजिले आहे. विषयाचे नाव ऐकून काही मंडळींच्या मनात येईल की, आपण कोणी माळकरी, कोणी महानुभाव, कोणी बुद्धाला शरण गेलेले, कोणी नमाज पढणारे. आपणांस ख्रिस्ताच्या शिकवणीचे काय प्रयोजन? त्यांस आमचे इतकेच सांगणे की, चांगले बियाणे कोणाच्या खळ्यातले आहे हे पाहून शेतकरी ते नाकारीत नाही. तो दाणा हातावर घेतो, दाताखाली धरतो, चार दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहतो आणि मग पेरतो. ह्या शिकवणीचीही तशीच उगवण पाहावी. धर्म बदला असे सांगण्यास आम्ही आलो नाही. आम्ही मास्तर, धडा समजावून सांगणे एवढेच आमचे काम.

वैरी म्हटला की पुस्तकांत राजेरजवाड्यांची नावे येतात. आपला वैरी इतका लांब नसतो. त्याचे शेत आपल्या शेताला लागून असते, आणि पुष्कळदा त्याचे आडनावही आपलेच असते. बांध कोरला, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी चुकविली, वाटणीत भांडी लपविली, लोहाराचे गिऱ्हाईक तोडले, सुताराची मजुरी बुडविली, असल्या गोष्टींतून वैर जन्मते आणि ते सातबाऱ्यासारखे बापाकडून मुलाकडे उतरते. आम्ही शाळेत पाहतो की, दोन भाऊबंदांची पोरे एका बाकावर बसावयास तयार नसतात. का, म्हणून विचारावे तर पोरांना कारण सांगता येत नाही. कारण आजोबांच्या वेळचे असते.

आपल्या रावेर-यावल भागात तर ह्या वैराला एक ठरीव रूप आले आहे. रात्रीतून कोणी येतो आणि उभ्या केळीची खोडे कापून जातो. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते की, अज्ञात इसमाने अमक्याच्या शेतातील इतकी खोडे कापली. त्या दोन ओळींत काय गेले, हे ज्याने केळी लावली त्यालाच ठाऊक. मृगबाग असो की कांदेबाग, लावणीपासून घड उतरेपर्यंत वर्ष जाते. खत, पाणी, मजुरी, मे महिन्याची झळ, पावसाच्या तोंडचे वादळ, इतक्यांतून सांभाळून बाग निसवते, आणि एका रात्रीत विळ्याने आडवी होते. सोसायटीचे कर्ज मात्र उभेच राहते.

त्या सकाळी बागेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला वैऱ्यावर दया कर असे कोणी सांगावे काय? आमच्या मते ह्या शिकवणीची खरी परीक्षा त्याच बागेत आहे. तेथे ती टिकत नसेल, तर गिरजाघरात कितीही गोड लागली तरी आपल्या कामाची नाही.

आता ही शिकवण मुळात कोणी, कोणास व कोणत्या काळी सांगितली ते पाहू. येशू ख्रिस्त हा सुताराच्या घरचा, आणि स्वतःही सुतारकाम करणारा. त्याचे ऐकणारे लोक मासे धरणारे कोळी, शेतकरी, मजूर, रोगी आणि गावाने दूर ठेवलेले असे होते. त्यांचा देश रोमी बादशहाच्या टाचेखाली होता. कर वसूल करणारे नाडीत. रोमी शिपाई वाटेने जाणाऱ्या कोणाही गरिबाला धरून आपले ओझे मैलभर वाहावयास लावू शकत असे. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी जी वेठ भोगली, तीच ही वेठ. अशा लोकांपुढे डोंगरावर बसून ख्रिस्त बोलला. वैऱ्यावर प्रेम करावे, जे आपणांस छळतात त्यांच्यासाठी देवाकडे मागणे करावे, असा त्या बोलण्याचा आशय. त्याने पुरावा दिला तोही शेतकऱ्याला पटणारा. देवाचा सूर्य आणि देवाचा पाऊस भल्याच्या शेतावर जातो, तसा बुऱ्याच्याही शेतावर जातो. पाऊस सातबारा पाहून पडत नाही. मग देवाची लेकरे म्हणविणाऱ्यांनी तरी हात आखडता का घ्यावा?

आपल्या मराठी भाषेत हे प्रवचन वाचून एका मोठ्या कवीचे आयुष्य पालटले. नारायण वामन टिळक रेल्वेने जात असता एका गोऱ्या उतारूने त्यांस नवा करार वाचावयास दिला. वाचता वाचता ते ह्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच गुंतून राहिले. पुढे १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. असे ह्या थोड्या पानांचे बळ आहे.

ख्रिस्ताने हा धडा गोष्टींतून सांगितला आहे. त्यांतल्या दोन आपल्या घरच्याच वाटाव्या अशा आहेत.

पहिली कर्जाची. एका चाकराकडे राजाचे इतके देणे निघाले की, दहा जन्म राबूनही फिटू नये. त्याने पाय धरले, तेव्हा राजास दया येऊन त्याने सारे देणे सोडून दिले. चाकर बाहेर पडतो तोच त्यास दुसरा चाकर भेटला. त्याच्याकडे ह्याचे येणे होते शंभर दिवसांच्या मजुरीएवढे. ह्याने त्याचा गळा धरला आणि त्यास तुरुंगात घातले. राजाच्या कानी हे जाताच त्याने पहिल्यास बोलावून जाब विचारला आणि दिलेली सूट काढून घेतली. कर्जमाफीची वाट पाहणाऱ्या आपण लोकांस ह्या गोष्टीचा अर्थ फोडून सांगावयास नको. आपणांस वरून दया हवी असते. खाली देताना मात्र आपण वही उघडतो.

दुसरी गोष्ट वाटमारीची. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या एका यहुदी माणसाला चोरांनी लुटून अर्धमेला करून टाकले. त्या वाटेने एक पुरोहित आला, तो बाजूने निघून गेला. देवळाचा एक सेवेकरी आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर. एकमेकांशी देवघेव नव्हती. ह्या शोमरोन्याने त्याच्या जखमा तेल व द्राक्षारस लावून बांधिल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले, धर्मशाळेत नेले आणि निघताना खर्चाचे पैसे ठेविले. शेजारी कोण, असा प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला ख्रिस्ताने ही गोष्ट सांगितली. धर्माचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते शेजारी ठरले नाहीत, वैरी शेजारी ठरला. दोन हजार वर्षांपूर्वी पुरोहितांच्या देशात ही गोष्ट सांगावयास छाती लागत होती.

आणि जे बोलला ते त्याने करून दाखविले. त्याला धरावयास शिपाई आले तेव्हा शिष्याने तरवार उपसून एकाचा कान तोडला. ख्रिस्ताने तरवार म्यान करविली आणि त्या कानाला हात लावून तो बरा केला. वधस्तंभावर खिळे ठोकणाऱ्यांसाठीही त्याने क्षमेचे मागणे केले. हे लोक काय करीत आहेत ते त्यांचे त्यांस उमगत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आपल्या बहुजन समाजाला सहन करा, क्षमा करा, नशिबाला दोष द्या, असे सांगणारे पुष्कळ झाले. मारणाऱ्याने मारावे आणि मार खाणाऱ्याने पुण्य जोडावे, हा मारणाऱ्याच्या सोयीचा धर्म आहे. ख्रिस्ताची शिकवण ह्याच जातीची नव्हे काय?

आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती इतिहासही आहे. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने क्रूस पुढे धरून साष्टीतील देवळे पाडली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी चिडून पाच जेझुइट धर्मगुरू व त्यांच्याबरोबरची माणसे मारली. त्यावर त्या सत्तेने काय केले? गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि चौकशीवाचून कापून काढले. जो राजा स्वतःला ख्रिस्ताचा सेवक म्हणवीत होता, त्याच्या अधिकाऱ्यांनी हे केले. १५६० साली गोव्यात बसविलेले इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत माणसे छळीत होते. आणि नवल असे की, त्याच साष्टीत राहून फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताचे दयाळू चरित्र मराठी ओव्यांत गाइले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. एका हातात दयेचे पुराण आणि दुसऱ्या हातात तरवार, हे दृश्य केवळ ख्रिस्ती लोकांतच दिसते असे नाही. पण त्यांच्यातही दिसले हे लपवून आम्ही हा धडा शिकविणार नाही. पुस्तकाची पारख ते मिरविणाऱ्यांवरून करू नये, ते आचरणाऱ्यांवरून करावी.

आता आक्षेपाचे उत्तर. ख्रिस्ताची क्षमा मुकी नाही. महायाजकापुढे उभा असताना एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा ख्रिस्ताने त्यास रोखठोक विचारले की, माझे बोलणे खोटे असेल तर दाखव, खरे असेल तर मारलेस का? त्याने हात उचलला नाही, पण अन्यायाला अन्याय म्हणावयाचेही सोडले नाही. ह्या दोहोंची सांगड कशी बसते, ते आपल्या शेजारच्याच मुलुखात घडलेल्या गोष्टीवरून दिसेल.

रावेरहून बऱ्हाणपुरास जाऊन इंदूरचा रस्ता धरला की, सातपुडा आणि निमाड ओलांडून नर्मदेपलीकडे देवास जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात उदयनगर म्हणून गाव आहे. तेथे १९९२ साली राणी मारिया नावाची एक जोगीण कामास आली. जन्म १९५४ चा, केरळातील पुल्लुवळी गावच्या शेतकरी घरातला. उदयनगरच्या आसपासचे आदिवासी शेतकरी सावकारांच्या व जमीनदारांच्या कर्जात बुडालेले होते. कर्ज कधी फिटत नसे, व्याज कधी थांबत नसे. ह्या बाईने त्यांना सरकारी योजना समजावून दिल्या, बँकेचे कर्ज कसे मिळते ते दाखविले, बचत शिकविली, हक्क सांगितले. लोक सावकाराच्या ओट्यावर जाईनासे झाले. ज्यांचा धंदा बुडाला त्यांस ही बाई वैरीण वाटू लागली.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसली. वाटेत समंदर सिंह नावाच्या तरुणाने तिच्यावर सुरा चालविला. त्याला दुसऱ्यांनी पुढे केले होते. उतारू भिऊन पळाले. पन्नासाहून अधिक जखमा होऊन ती रस्त्याच्या कडेला मरण पावली. वय अवघे ४१.

पुढे खटला चालला आणि समंदर सिंहास जन्मठेप झाली. तो तुरुंगात गेला तेव्हा त्याचे घर मोडले. ज्यांनी त्याला पुढे केले होते त्यांनी पाठ फिरविली. बाहेर पडल्यावर त्यांचा सूड घ्यावा, हाच विचार आपल्या मनात घोळत होता, असे पुढे त्याने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे एका खुनातून दुसरा खून जन्म घेत होता. अशा वेळी स्वामी सदानंद नावाचे ख्रिस्ती साधू त्याच्याकडे तुरुंगात जाऊ लागले. त्यांनी निरोप आणला की, मयत बाईच्या घरच्यांनी तुला क्षमा केली आहे. त्याचा विश्वास बसेना. मग ऑगस्ट २००२ मध्ये राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीणच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहाच्या मनगटाला राखी बांधली.

भगिनींनो, ह्या राखीचा थोडा विचार करा. राखी हा ख्रिस्ती विधी नव्हे, तो आपल्या मुलुखाचा रिवाज. त्या बाईने शत्रूला त्याला समजेल अशा भाषेत क्षमा सांगितली. पुढे मृत बाईच्या म्हाताऱ्या आईनेही त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चुंबिले. ज्या हातांना मुलीचे रक्त लागले होते तेच ते हात. कुटुंबाने आणि तिच्या संघाने त्याच्या सुटकेसाठी लेखी संमती दिली. जवळजवळ अकरा वर्षे शिक्षा भोगून २००६ साली तो सुटला, आणि २००७ साली केरळात तिच्या आईबापांच्या घरी जाऊन आला. सूड घेण्यास निघालेला माणूस शेती करू लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे कॅथोलिक चर्चने राणी मारियास 'धन्य' ही पदवी दिली.

ह्या गोष्टीत दोन बाजू आहेत आणि दोन्ही ध्यानात धरावयाच्या आहेत. राणी मारियाने जिवंतपणी सावकारीशी तडजोड केली नाही. दयेच्या नावाखाली ती गप्प बसली असती तर तिला कोणी मारलेच नसते. आणि तिच्या माणसांनी खुन्याला माणसातून उठविले नाही. अन्यायाशी झुंज आणि अन्याय करणाऱ्यावर दया, ही एकाच घरात नांदली.

कायद्याच्या बाबतीतही असेच समजावे. ओडिशात बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी रात्री गाडीत झोपलेले असता जमावाने जाळले. त्यांची पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांस क्षमा केली. परंतु क्षमा ही आपल्या मनाची गोष्ट आहे, शिक्षा हे कायद्याचे काम आहे, ही दोन कामे त्यांनी वेगळी ठेविली. खटला चालला, शिक्षा झाली. त्या बाई मात्र पुढे काही वर्षे तेथेच राहून रोग्यांच्या जखमा धूत राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

कोणी म्हणेल, ही तर जोगिणींची आणि मिशनऱ्यांची उदाहरणे. संसारी माणसाला हे झेपावयाचे नाही. तर मग आपल्या घरचे पाहू. जोतीराव फुले हे माळ्याचे मूल, पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, परंतु ख्रिस्ताविषयी त्यांस मोठा आदर होता. १८७३ साली निघालेल्या 'गुलामगिरी'त त्यांनी ख्रिस्ताला बळीराजाच्या पंक्तीला बसविले आहे. त्यांचे चरित्रकार सांगतात की, १८५६ साली, मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा चालवितात म्हणून चिडलेल्या लोकांनी त्यांच्या घरात रात्री दोन मारेकरी पाठविले. एक रोडे नावाचा रामोशी, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. जोतीरावांनी जागे होऊन विचारपूस केली. मी तुमचे काय वाईट केले? काही नाही, म्हणाले. पैसे कबूल झाले आहेत. जोतीरावांनी मान पुढे केली की, माझ्या मरणाने तुम्हां गरिबांचे भले होत असेल तर होऊ द्या. दोघांचेही हात गळाले.

ह्यापुढचे जे आहे ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. जोतीरावांनी त्यांस नुसते सोडून दिले नाही, रात्रीच्या शाळेत बसविले. रोडे त्यांचा रखवालदार झाला. धोंडीराम कुंभार शिकून पंडित झाला आणि सत्यशोधक समाजाच्या कामात उभा राहिला. क्षमा तर जोतीरावांनी त्या रात्रीच केली; त्या क्षमेचे पीक हाती येण्यास वर्षे लागली, कारण मध्ये अक्षरे शिकविण्याची मेहनत होती. त्यांनी हेही ओळखले की, सुरा घेऊन आलेला माणूस आपल्यासारखाच गरीब आहे आणि त्याला पाठविणारा घरी गादीवर झोपला आहे. समंदर सिंहाची गोष्ट हीच नव्हे काय? गरिबाच्या हाती शस्त्र देऊन दुसऱ्या गरिबावर सोडणे हा जुना डाव आहे. वैऱ्यावर दया केली की हा डाव फसतो.

आता पुन्हा त्या केळीच्या बागेत येऊ. वर्षाची मेहनत आडवी पडली आहे. भाऊ काठ्या काढावयास निघाले आहेत. अशा वेळी ह्या शिकवणीचे काय करावयाचे? आम्हांस सुचते ते साधे आहे.

प्रथम, फिर्याद द्यावी आणि पंचनामा करवावा. ह्यात दयेला कोठेही बाध येत नाही. नुकसानीची भरपाई मागणे हा सूड नव्हे.

दुसरे, त्याच्या बागेला विळा लावू नये. बातमीत 'अज्ञात' असा शब्द असतो तो उगीच नसतो. रात्री कोण आले हे पुष्कळदा कोणी पाहिलेले नसते. आपण जुन्या वैराच्या आठवणीवरून एकाचे नाव मनाशी पक्के करतो आणि दुसऱ्या रात्री त्याची बाग कापतो. तो निर्दोष असेल तर आपणच नवा अन्याय केला आणि नवा वैरी पैदा केला. तो दोषी असला तरी त्याच्या बागेवर त्याची म्हातारी आई, सून आणि नातवंडे जगत असतात. त्यांनी तुमचे एक पानही तोडलेले नाही.

तिसरे, अडल्या वेळी वैऱ्याच्या दारी जावे. भुकेल्या वैऱ्यापुढे ताट आणि तहानलेल्यापुढे पाणी ठेवावे, हा धडा ख्रिस्ताचा शिष्य पौल याने रोम शहरातील मंडळींस पत्रातून दिला. आपल्याकडे ह्याचा अर्थ असा की, त्याच्या घरी मयत झाले तर खांदा द्यावा, रात्री बाळंतीण अडली तर आपली गाडी जोडावी, त्याची मोटार जळाली तर एक पाळी पाण्याची सोडावी. देहूच्या तुकोबांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतोच. मंबाजीने काट्यांनी मारले, आणि तो कीर्तनास आला नाही म्हणून तुकोबा त्याचे अंग चेपावयास गेले. माळ गळ्यात घालणाऱ्यांस ही वाट परकी नाही.

चौथे, पोरांच्या कानांत वैर ओतू नये. शेत वाटणीत द्यावे, बैल द्यावा, हत्यारे द्यावीत. वैर देऊ नये. घरातल्या बायांस आमची हात जोडून विनंती आहे की, हळदीकुंकवाला त्या घरचे दार वगळून पुढे जाऊ नका. पुरुषांची भाषणे जेथे थांबतात तेथे पुष्कळदा एक वाटी भाजी पुढे जाते.

पाचवे, तंटा असेल तर तो मोजणीने मिटवावा. बांधाचा वाद भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने सुटतो, काठीने सुटत नाही. तालुक्याच्या कोर्टात लोकअदालत भरते. तेथे दोघांच्या राजीने झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात भरलेला कोर्ट-स्टँप परत मिळतो. महाराष्ट्रात २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तिच्या पाट्या पुष्कळ वेशींवर लागल्या. पाटी लावणे सोपे होते. खरे काम दोन घरांमधल्या वाटेवर आहे, आणि ते कोणत्याही मोहिमेने परभारे होत नाही.

एवढे करूनही वैरी सुधारेलच, अशी हमी आम्ही देत नाही. ख्रिस्तानेही दिली नव्हती. त्याला तर शेवटी खिळेच मिळाले. राणी मारियाचा मारेकरी पालटला, सगळेच मारेकरी पालटत नाहीत. मग लाभ कोणता? पहिला लाभ असा की, आपण त्याच्यासारखे होत नाही. दुसरा असा की, वैर आपल्यापाशी येऊन थांबते आणि आपल्या लेकराच्या वाट्याला जात नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून ज्यांची एक एक बिघा जमीन वकिलाच्या फीत गेली आहे, त्यांस ह्या दुसऱ्या लाभाची किंमत रुपये-आण्यांत सांगता येईल.

क्षमा करणे हे दुबळ्याचे काम आहे असे जे म्हणतात, त्यांनी एकदा करून पाहावे. विळा उचलणे रागावलेल्या कोणासही जमते. ज्याची बाग कापली गेली त्याने संशयिताच्या आजारी आईला दवाखान्यात पोचविणे, ह्याला जे बळ लागते ते आमच्या पाहण्यात फार थोड्या पैलवानांत आहे. मात्र ते बळ ज्याचे त्याने वापरावयाचे असते. ज्याचे नुकसान झाले त्यालाच क्षमा करण्याचा अधिकार; गावातल्या बड्यांनी गरिबाला दटावून त्याच्याकडून क्षमा वदवून घेऊ नये. तशी क्षमा घेणारे पंच हे ख्रिस्ताच्या गोष्टीतल्या त्या पुरोहिताचे भाऊबंद होत.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात ह्या घटकेस एक नाव आले असेल. ते आम्हांस सांगू नका. घरी जाताना त्या माणसाच्या घरावरून जा. दारात कोणी बसलेले दिसले तर रामराम करा, सलाम करा, जय भीम करा, जो आपला रिवाज असेल तो करा. उत्तर आले नाही तर उद्या पुन्हा करा. ख्रिस्ताला शिष्याने विचारले होते की, किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय? त्याने सातास सत्तरांनी गुणावयास सांगितले. आम्ही मास्तर असल्याने हिशेब करून देतो : चारशे नव्वद. तेथवर पोचेपर्यंत मोजणी विसरलेली असेल, आणि त्याच्या मनात बहुधा तेच होते.